मूत्रपिंडातली गाठ कापून फेकण्याआधी

प्रति,
कत्तलखान्यांत मांसतपासणी करणारे पशुवैद्य, गोठ्यावर जाऊन शवविच्छेदन करणारे डॉक्टर आणि या दोघांनी भरायचे अर्ज तयार करणारे पशुआरोग्य खात्यांचे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर तपासणीसाठी येणाऱ्या नमुन्यांच्या डब्यांसोबत एक कागद असतो. त्यावर बहुतेक वेळा इतकाच मजकूर असतो : ‘गाय. मूत्रपिंड. गाठ. अवयव नष्ट केला.’ यात खोटे काहीच नाही. नियमाप्रमाणे जे करायचे ते झालेले असते, शेरा मारलेला असतो, सही असते. फक्त निदान करायला बसलेल्या माणसाच्या हाती यातून काही लागत नाही.

मूत्रपिंडात गाठ दिसली की तीन शक्यता समोर असतात. ती तिथेच उपजलेली असेल. दुसऱ्या अवयवातला कर्करोग रक्तातून तिथे येऊन रुजला असेल. किंवा ती साऱ्या शरीरात पसरलेल्या लिम्फोमाचा, म्हणजे लसिका पेशींच्या (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) कर्करोगाचा, एक तुकडा असेल. पहिल्या दोन शक्यतांत प्रश्न त्या एका जनावरापुरता असतो. तिसऱ्या शक्यतेत तो अख्ख्या कळपाचा असू शकतो. यातली कोणती खरी, हे ठरवणारे अर्धे पुरावे माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली येतच नाहीत. जनावर उघडल्यावर पहिली काही मिनिटे ते तुमच्या डोळ्यांसमोर असतात आणि मग अवयव वेगवेगळ्या पिंपांत जातात. म्हणून हे पत्र तुम्हाला.

अशा गाठी कमी सापडतात, हे मान्य. १९६०च्या दशकात ब्रिटनमधल्या १०० कत्तलखान्यांत वर्षभर पाहणी झाली होती. सुमारे १३ लाख गोवंशीय जनावरांत सर्व प्रकारची मिळून ३०२ अर्बुदे, म्हणजे पेशींच्या बेसुमार वाढीच्या गाठी, नोंदली गेली. म्हणजे लाखाला तेवीसच्या आसपास, आणि त्यातही मूत्रपिंडातली थोडीच. एका निरीक्षकाच्या वाट्याला हा प्रसंग क्वचितच येतो, त्यामुळे तो आला की काय पाहायचे हे हाताला सरावाचे नसते. ही कोणाची कुचराई नव्हे. दुर्मीळ गोष्टीची सवय कुणालाच नसते. पण दुर्मीळ म्हणूनच प्रत्येक नमुना मोलाचा आहे, आणि प्रत्येक अर्धवट नोंद जास्त खटकते.

खरी अडचण कामाच्या मांडणीत आहे. धडावरून चामडे निघते, आतडी-पोट एका बाजूला जातात, फुप्फुसे, हृदय आणि यकृत दुसऱ्या आकड्यावर टांगले जातात, आणि मूत्रपिंडे अनेक ठिकाणी चरबीत लपेटलेली धडासोबतच पुढे सरकतात. गर्भाशय तर बहुधा कुणी नीट पाहायच्या आत टाकाऊ भागांत गेलेले असते. कर्करोगाचा प्रसार जोखायचा तर हे सगळे अवयव एकाच जनावराचे म्हणून एकत्र पाहावे लागतात, आणि कत्तलखान्यातली आपली कामाची रांग नेमकी त्यांची फारकत करते. मूत्रपिंडावर गाठ दिसेपर्यंत त्याच गायीची फुप्फुसे दुसऱ्या टेबलावर पास झालेली असतात. दोन्ही टेबलांवरचे निरीक्षक आपापल्या जागी बरोबर असतात आणि प्रसार मात्र दोघांच्या मधून निसटतो.

यावर उपाय महागडा नाही. गाठ दिसली की धड बाजूला घ्यायचे आणि त्याच क्रमांकाचे बाकीचे अवयव परत मागवायचे. बऱ्याच ठिकाणी नियमातही हेच आहे. ते पाळायला रांग थांबवण्याचा अधिकार निरीक्षकाकडे हवा, आणि तो वापरला म्हणून त्याला बोलणी बसता कामा नयेत. अधिकाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

आता मूत्रपिंडाकडे येते. गायीचे मूत्रपिंड माणसासारखे गुळगुळीत नसते. द्राक्षांचा घोस दाबून बसवावा तसे ते दिसते, साधारण वीसेक खंड एकमेकांना चिकटलेले. आत मूत्र गोळा करणारा एकच मोठा कप्पा नसतो. प्रत्येक खंडाचे मूत्र छोट्या पेल्यांतून दोन मुख्य नळ्यांत आणि तिथून मूत्रवाहिनीत उतरते. या रचनेचा तपासणीला उपयोगही आहे आणि तोटाही. एखादा खंड सुजला, फिका पडला, शेजाऱ्यापेक्षा वर आला तर तो लगेच नजरेत भरतो. पण हे तेव्हा, जेव्हा चरबी आणि वरचे पातळ आवरण काढून मूत्रपिंड उघडे केलेले असते. वरवर चाचपून पुढे जाणाऱ्याला टोकाशी दडलेली लिंबाएवढी गाठही हाताला लागत नाही.

प्रत्येक मूत्रपिंड चिरा, असे मी अजिबात म्हणत नाही. सुरी एका धडावरून दुसऱ्या धडावर जंतू नेते आणि म्हणूनच बऱ्याच देशांत तपासणी नजरेवर आणली गेली आहे. तो बदल शहाणपणाचाच आहे. संशय आला की मात्र सुरी घ्यायची. आणि ती अर्ध्यावर थांबवायची नाही.

मूत्रपिंडातच उपजणाऱ्या अर्बुदांत मोठ्या जनावरांमध्ये सर्वाधिक आढळतो तो मूत्रनलिकांच्या अस्तरपेशींचा कर्करोग, म्हणजे कार्सिनोमा. तो बहुधा वयस्क गायींत आणि बहुधा योगायोगानेच सापडतो. गाठ कवचात, म्हणजे बाहेरच्या थरात असते. तिची कड स्पष्ट असते, आजूबाजूच्या उतींना ती ढकलत वाढते. कापली तर पिवळसर, करडी, मधेच रक्तस्रावाचे लाल-काळे डाग आणि मेलेल्या उतींचा भुसभुशीत भाग. कधी पाण्याच्या पोकळ्या. कोवळ्या वासरात किंवा गर्भात मूत्रपिंडात मोठी गाठ दिसली तर वेगळा विचार करायचा. भ्रूणावस्थेतल्या उतींपासून वाढणारा नेफ्रोब्लास्टोमा तिथे शक्य असतो. डुकरांत आणि कोंबड्यांत तो जास्त ठाऊक आहे, गोवंशात विरळा.

कार्सिनोमाविषयी एक गैरसमज मला वारंवार दिसतो. अर्जावर लिहिलेले असते, ‘दोन्ही मूत्रपिंडांत अनेक गाठी, प्रसार झालेला.’ यातला पहिला अर्धा भाग निरीक्षण आहे, दुसरा अंदाज. गायींत हा कार्सिनोमा एकाच वेळी अनेक जागी, दोन्ही बाजूंना उगवू शकतो. प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे उपजलेली असते. अशा जनावराच्या लसिका ग्रंथी आणि फुप्फुसे पूर्ण स्वच्छ असू शकतात. गाठींची संख्या म्हणजे प्रसार नव्हे. दोन मूत्रपिंडांत बारा गाठी असूनही आजार मूत्रपिंडापुरताच राहिलेला असेल, आणि एका बाजूला एकच गाठ असूनही ती शिरेत शिरून फुप्फुसापर्यंत पोचलेली असेल. म्हणून ‘प्रसार झाला’ असे लिहिताना कुठे झाला, ते लिहा. लिहिता येत नसेल तर तो शब्दच नको.

हा कर्करोग पसरतो तेव्हा त्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. जवळची वाट लसिकेची. मूत्रपिंडाच्या खाचेशी, धमनीजवळ असलेल्या ग्रंथी आधी, मग कण्याखालून महाधमनीलगत जाणारी ग्रंथींची साखळी. दुसरी वाट रक्ताची. गाठ मूत्रपिंडाच्या शिरेत बोट घातल्यासारखी शिरते, तिथून महाशिरेत, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूने थेट फुप्फुसांत. तिसरी वाट सरळ पोटाच्या पोकळीत, पडद्यांवर बारीक दाण्यांच्या रूपाने. यकृतातही गाठी दिसू शकतात. मूत्रपिंड ओढून काढताना ती शीर कापली जाते आणि आतला तुकडा बहुधा तिथेच गळून पडतो. तेव्हा संशय असला तर मूत्रपिंड धडाला असतानाच शीर कात्रीने उभी उघडा. आतली भिंत गुळगुळीत असेल तर तेही लिहा. ‘शीर मोकळी’ हे दोन शब्द मला हवे असतात आणि ते मिळाल्याचे मला क्वचितच आठवते.

कुत्र्यांत हाच कर्करोग जितक्या सर्रास पसरलेला सापडतो तितका गायींत सापडत नाही. यावरून गायीतला प्रकार स्वभावानेच सौम्य आहे असे पुष्कळजण म्हणतात. मला ते तितकेसे पटत नाही. कुत्रा लक्षणे दिसेपर्यंत आणि पुढेही जगतो. त्याची गाठ आपण उशिरा पाहतो. गायीचे आयुष्य मात्र उत्पादन घटले की थांबवले जाते. आपण तिच्यातली गाठ मधेच, कथेच्या सुरुवातीच्या पानावर पाहतो आणि शेवटही सौम्यच असेल असे गृहीत धरतो. वयाची नोंद हवी ती यासाठीही. अर्जावर ‘मोठी’ असे वय लिहून चालत नाही. कानातल्या बिल्ल्यावरून जन्मवर्ष काढता येत असेल तर ते लिहा, नाहीतर दात पाहून अंदाज लिहा.

आता ज्या शक्यतेसाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतले तिच्याकडे वळते. मूत्रपिंडात फिक्या, मऊ, पांढरट गाठी दिसल्या, किंवा संपूर्ण मूत्रपिंडच फिके आणि आकाराने दुप्पट झालेले दिसले, तर आधी लिम्फोमा आठवा. कापल्यावर ही उती एकसारखी असते, सायीच्या रंगाची, कडेने फुगून वर येणारी. पाहताक्षणी चरबी वाटते. कार्सिनोमासारखी तिची कड रेखीव नसते, ती मूत्रपिंडाच्या उतींत झिरपलेली असते. मूत्रवाहिनीची भिंतही कधी अशीच जाड होते, मूत्र तुंबते आणि वरचे मूत्रपिंड फुगते.

मोठ्या गायींतल्या लिम्फोमामागे बऱ्याचदा बोव्हाइन ल्युकेमिया विषाणू असतो. १९६९मध्ये तो ओळखला गेला. हा विषाणू लसिका पेशींच्या जनुकांत जाऊन बसतो आणि जनावर आयुष्यभर त्याचे वाहक राहते. लागण झालेल्या बहुतेक गायींत बाहेरून काहीच दिसत नाही. साधारण तिसरा हिस्सा जनावरांत रक्तातल्या लसिका पेशी कायमच्या वाढलेल्या राहतात. प्रत्यक्ष अर्बुद होते ते लागण झालेल्या शंभरातल्या जेमतेम पाचांत, तेही वर्षानुवर्षांनी, बहुधा वयाच्या तीन वर्षांनंतर आणि जास्त करून पाच ते आठ या वयात. हे प्रमाण उलट बाजूने वाचा. तुमच्या टेबलावर विषाणूमुळे झालेल्या लिम्फोमाची एक गाय आली, तर ती ज्या गोठ्यातून आली तिथे लागण झालेल्या पण ठणठणीत दिसणाऱ्या गायी आणखी असण्याचा संभव दाट आहे. त्या गायी तुमच्याकडे येणार नाहीत. त्यांचा सुगावा देणारी ही एकच गाय आहे, आणि तिचे मूत्रपिंड ‘गाठ, नष्ट केले’ या शेऱ्याखाली निघून जाते.

हा विषाणू पसरतो तो मुख्यतः रक्तातल्या जिवंत लसिका पेशींबरोबर. एका सुईने ओळीने टोचलेली जनावरे, शिंगे काढण्याची न धुतलेली हत्यारे, कान टोचायचा चिमटा, गुदमार्गे तपासताना एकाच हातमोज्याने तपासलेल्या दहा गायी. रक्त पिणाऱ्या गोमाश्याही तो पसरवतात. चीक आणि दुधातून वासराला लागण होऊ शकते. म्हणजे यातला बराच भाग आपल्याच, म्हणजे पशुवैद्यांच्या आणि त्यांच्या मदतनिसांच्या हातून घडतो. कळपाला लागण आहे हे कळले तर सुई आणि हातमोजे बदलणे एवढ्यानेसुद्धा फरक पडतो. कळलेच नाही तर कोण बदलणार?

म्हणून लिम्फोमाचा संशय येताच काही ठरावीक जागा पाहायच्या. हृदयाचा उजवा वरचा कप्पा उघडा आणि भिंत जाड, पांढरी आहे का ते पाहा. चौथ्या पोटाची, म्हणजे अबोमेझमची भिंत चिमटीत धरून जाडी जोखा. गर्भाशयाच्या भिंतीत गाठी चाचपा. डोळ्याच्या खोबणीत मागून काही ढकलत होते का, जिवंतपणी डोळा बाहेर आलेला होता का, ते विचारा. मागचे पाय लुळे पडले होते असा इतिहास असेल तर कण्याच्या नळीतली चरबी पाहा. शरीरभरच्या लसिका ग्रंथी अर्थातच. यातली दोन-तीन ठिकाणे जरी सापडली तरी निदान निम्मे झाले, स्लाइड बघायच्या आधीच. शिवाय रक्त मिळत असेल तर एक नळी सीरमसाठी भरा. एलायझा किंवा जेल इम्युनोडिफ्यूजनने प्रतिपिंडे शोधता येतात, पीसीआरने विषाणूचे जनुक. जनावर मेल्यावर फार उशीर झालेला नसेल तर हेही जमते.

एक अपवाद लक्षात असू द्या. सहा महिन्यांखालच्या वासरात सगळ्या लसिका ग्रंथी सुजलेल्या आणि मूत्रपिंडातही फिक्या गाठी, किंवा दोन वर्षांपर्यंतच्या कालवडीत छातीतल्या थायमस ग्रंथीची प्रचंड गाठ, हे लिम्फोमाचे तुरळक आढळणारे प्रकार आहेत आणि त्यांचा या विषाणूशी संबंध नसतो. तिथे कळपाला घाबरवू नका. वयाची नोंद पुन्हा मधे आली ती अशी.

ज्या देशांनी या विषाणूचा रोग हद्दपार केला त्यांनी रक्त आणि दूध तपासून लागण झालेली जनावरे काढून टाकली, हे सर्वांना माहीत असते. त्यासोबतच कत्तलखान्यात सापडलेली संशयास्पद अर्बुदे प्रयोगशाळेत पाठवायची शिस्तही त्यांनी लावली. ब्रिटन १९९९पासून अधिकृतपणे या रोगापासून मुक्त आहे आणि तरीही तिथे गोवंशातली अर्बुदे कळवण्याची अपेक्षा आजही आहे. रोग नसताना ते शोधत राहतात. जिथे रोग आहे तिथे आपण गाठ फेकून देतो. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीत हा रोग आहे. तेव्हा हा काही माझ्यासारख्या एखाद्या विक्षिप्त पॅथॉलॉजिस्टचा छंद नव्हे.

उरली शक्यता दुसऱ्या अवयवातून आलेल्या कर्करोगाची. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा मूत्रपिंडांतून जातो, त्यामुळे रक्तात सुटलेल्या कर्कपेशींना इथे अडकायला भरपूर संधी असते. दोन्ही मूत्रपिंडांच्या कवचात लहान, गोल, जवळपास एकाच आकाराच्या गाठी विखुरलेल्या असतील आणि फुप्फुसांत तर त्याहून जास्त असतील, तर मूळ दुसरीकडे शोधा. मोठ्या गायीत मी आधी गर्भाशय पाहायला सांगेन. गर्भाशयाचा ॲडेनोकार्सिनोमा (ग्रंथीपेशींचा कर्करोग) स्वतः लहान, टणक, आकसलेला असतो. भिंतीतला जुना व्रण समजून तो सोडून दिला जातो. फुप्फुसे मात्र त्याने भरून जातात. मूळ गाठ नखाएवढी आणि तिची पिल्ले मुठीएवढी, असा उलटा हिशेब इथे खुशाल चालतो. मूत्रपिंडाला खेटून असलेल्या अधिवृक्क ग्रंथीचे अर्बुदही महाशिरेत शिरते आणि मूत्रपिंडातले म्हणून नोंदले जाते. ग्रंथी वेगळी सापडली की नाही, एवढे लिहिले तरी हा घोळ टळतो.

मूत्राशय पाहायला विसरू नका. ब्रॅकन नावाचे नेचे चरणाऱ्या गायींत लघवीतून रक्त जाते आणि मूत्राशयात अर्बुदे होतात. त्यातले टाकिलोसाइड हे कर्ककारक द्रव्य १९८३मध्ये वेगळे काढले गेले आणि गायींतल्या चामखिळीच्या विषाणूचा दुसरा प्रकार या अर्बुदांशी जोडला गेला आहे. मूत्रवाहिनीच्या तोंडाशी अशी गाठ वाढली की वरचे मूत्रपिंड तुंबलेल्या मूत्राने फुगते. टेबलावर ते ‘अर्बुद’ म्हणून लिहिले जाते. आत मात्र पाणी असते आणि रोग दोन हात खाली असतो. इथेही प्रश्न कळपाचा आहे, कारण ते कुरण सगळ्याच गायींचे असते. शिवाय टाकिलोसाइड दुधातून उतरते.

गाठीसारखे दिसणारे पण गाठ नसलेले पुष्कळ आहे. वासरांतले पांढरे ठिपके असलेले मूत्रपिंड हा बहुधा बरा होत आलेला दाह असतो. कोरायनेबॅक्टेरियम या जिवाणूमुळे झालेल्या दाहात खंड सुजतात, पू निघतो, मूत्रवाहिनी जाड होते. हायडॅटिडच्या (फीतकृमीच्या अळीच्या) आणि जन्मजात पाण्याच्या पिशव्या चिरल्यावर लगेच कळतात. मूत्रपिंडाभोवतीची मेलेली, टणक झालेली चरबी जिवंतपणी हाताला हमखास अर्बुद वाटते. या सगळ्यांत क्षयाच्या गाठी चुकवून चालणार नाहीत. कापताना वाळू कापल्यासारखे करकरले आणि आत पनीरसारखा कोरडा पिवळा गाभा दिसला तर तिथेच थांबा, हातमोजे आणि मास्क नीट आहेत का पाहा, आणि क्षयाची कार्यपद्धती लावा.

नमुन्याविषयी एक परिच्छेद तरी लिहायलाच हवा, कारण तिथे सगळ्यात जास्त वाया जाते. अरुंद तोंडाच्या बरणीत अर्धे मूत्रपिंड कोंबून वर चार बोटे फॉर्मेलिन ओतलेले असते. फॉर्मेलिन उतीत सुरुवातीला तासाला जेमतेम एक मिलिमीटर शिरते, पुढे आणखी सावकाश. बरणी माझ्यापर्यंत येते तेव्हा बाहेरचा थर शिजलेला आणि आतला कुजलेला असतो. बरणी फोडल्याशिवाय तो ठोकळा बाहेरही येत नाही. त्यापेक्षा एक सेंटिमीटरपेक्षा जाड नसलेले तुकडे कापा. एक तुकडा गाठीच्या कडेचा, ज्यात निरोगी मूत्रपिंडही येईल. एक गाठीच्या आतला, पण मेलेला भुसभुशीत भाग टाळून. एक मूत्रपिंडाच्या लसिका ग्रंथीचा, ती साधी दिसत असली तरी. फुप्फुसात काही असेल तर तेही, वेगळ्या बरणीत आणि नाव घालून. दहा टक्क्यांचे बफर केलेले फॉर्मेलिन उतीच्या दहापट. आणि फोनवर काढलेला एक फोटो, कापलेली बाजू वर, शेजारी मोजपट्टी. हा फोटो कधी कधी सगळ्या अर्जापेक्षा जास्त बोलतो.

गोठ्यावर काम करणाऱ्या डॉक्टरांशी थोडे वेगळे बोलायचे आहे. जिवंत गायीत या गाठी ओळखणे अवघड आहे आणि ते तसेच राहणार. गाय खंगते, दूध आटते, खाणे कमी होते. अशी लक्षणे शंभर आजारांत असतात. लघवीत रक्त येईलच असे नाही. मूत्रपिंडाने गाळून टाकायचे क्रिएटिनिन हे द्रव्य रक्तात तपासून मूत्रपिंड ठीक असल्याचा निर्वाळा देऊ नका. साधारण तीन चतुर्थांश कार्यक्षम भाग निकामी होईपर्यंत ते चढत नाही, त्यामुळे एक अख्खे मूत्रपिंड गाठीने खाल्ले तरी आकडा निमूट राहतो. हात मात्र उपयोगी पडतो. डावे मूत्रपिंड सैल लटकते, भरलेले मोठे पोट त्याला मध्यरेषेपलीकडे उजवीकडे ढकलते आणि गुदमार्गे ते सहज चाचपता येते. गर्भतपासणीला हात आत असतोच. तो आणखी वीतभर पुढे नेऊन खंडांमधल्या खाचा जाणवतात का, एवढे पाहायला क्षणभर लागतो. खाचा बुजून गुळगुळीत मोठा गोळा लागला तर सोनोग्राफी करा. उजवे मूत्रपिंड हाताच्या टप्प्यात बहुधा येत नाही, पण उजव्या कुशीतून यंत्रावर छान दिसते. एकाच बाजूची, न पसरलेली गाठ असेल तर ते मूत्रपिंड काढून टाकण्याची शस्त्रक्रिया गायींत होते. त्याआधी दुसरे मूत्रपिंड चांगले आहे आणि फुप्फुसे स्वच्छ आहेत याची खात्री मात्र हवी.

मालकांचा प्रश्न तुम्हालाच येतो, मला नाही. हे आम्हाला लागेल का? कर्करोगाच्या गाठीची लागण होत नाही, हे ठामपणे सांगा. ल्युकेमिया विषाणूविषयी विचारले तर खरे तेच सांगा. २०१४मध्ये मानवी स्तनाच्या उतींत त्याचे जनुकीय अंश सापडल्याचे प्रसिद्ध झाले, नंतरच्या काही अभ्यासांत ते सापडले नाहीत, आणि माणसाला त्यामुळे रोग होतो असे सिद्ध झालेले नाही. दुधाच्या पाश्चरीकरणाने विषाणू निष्क्रिय होतो. मांसाबाबत निर्णय निरीक्षकाचा. पसरलेला कर्करोग असेल तर संपूर्ण धड बाद, एका जागी मर्यादित सौम्य गाठ असेल तर तो भाग, हे तत्त्व बहुतेक सगळीकडे सारखेच आहे. आणि म्हणूनच प्रसार नीट न पाहता दिलेला निर्णय दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. कधी सबंध धड विनाकारण जाते, कधी जायला हवे ते जात नाही.

अधिकाऱ्यांना आता थेट सांगते. तुमच्या अर्जात ‘अर्बुद’ या शब्दासमोर एकच चौकट आहे. ती भरली की काम संपते, म्हणून ते तिथेच संपते. तिथे जन्मवर्ष, एक मूत्रपिंड की दोन्ही, लसिका ग्रंथी, फुप्फुसे, हृदय, गर्भाशय, मूत्राशय अशा जागा द्या. प्रत्येकासमोर ‘पाहिले, ठीक’, ‘पाहिले, बिघाड’ आणि ‘पाहिले नाही’ असे तीन पर्याय ठेवा. तिसरा पर्याय फार महत्त्वाचा. तो नसेल तर न पाहिलेला अवयव ठीक म्हणून नोंदला जातो आणि दहा वर्षांनी कुणीतरी त्या आकड्यांवरून निष्कर्ष काढतो. ‘पाहिले नाही’ असे लिहिणाऱ्याला जाब विचारू नका, नाहीतर तो रकाना कायम रिकामा राहील.

दुसरे, प्रयोगशाळेचा अहवाल परत कुठे जातो ते तपासा. माझे अहवाल नमुना पाठवणाऱ्या कार्यालयाच्या फायलीत जातात. गाय ज्या गोठ्यातून आली तिथल्या डॉक्टरांना ते मिळाल्याचे मी फार थोड्या वेळा ऐकले आहे. बिल्ल्याचा क्रमांक अर्जावर असतो, गोठ्याची नोंद व्यवस्थेत असते, फक्त या दोन्हींना जोडणारा माणूस नेमलेला नसतो. लिम्फोमा आणि विषाणू दोन्ही पक्के झाले तर पुढचा फोन कुणी करायचा, कळपाचे रक्त कुणी घ्यायचे आणि त्याचा खर्च कुणाच्या खात्यातून जायचा, हे तीन निर्णय तुमच्या सहीने आधीच झालेले असावेत. अहवाल आल्यावर फाइल फिरवायला सुरुवात केली तर तोवर त्याच सुईने आणखी वासरे टोचून झालेली असतात.

नव्या अर्जाचा मसुदा करायला बसाल तेव्हा रांगेवर उभे राहून काम करणाऱ्या एका तरी निरीक्षकाला सोबत घ्या. ओल्या हातमोज्याने, उभ्याउभ्या, अर्ध्या मिनिटात काय भरता येते हे त्याच्याइतके ना तुम्हाला ठाऊक आहे ना मला. मसुदा माझ्याकडे पाठवलात तर प्रयोगशाळेच्या बाजूने तो तपासून देईन.

आपली,
उतींच्या स्लाइड पाहणारी एक पशुवैद्य